आप्तसंबंध आणि कायम रहिवास : अमेरिकी कायद्याचा एक आढावा

मनुष्याने आपला देश सोडून दुसऱ्या देशात वस्ती करावी, तेथील नागरिकत्वाची शपथ घ्यावी, कर भरावेत, मतदान करावे आणि मग आपली पत्नी, आपली मुले, आपले आईबाप किंवा आपला भाऊ यांनाही त्या भूमीत कायमचे राहता यावे म्हणून त्याच देशाच्या सरकारकडे अर्ज करावा, ही गोष्ट आज इतकी नित्याची झाली आहे की तिच्या पोटात असलेला तात्त्विक प्रश्न सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या हद्दीत कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा राज्याचा अधिकार आणि आपल्या माणसांसह राहण्याचा नागरिकाचा हक्क, ही दोन तत्त्वे जेव्हा समोरासमोर उभी राहतात तेव्हा कोणी कोणापुढे किती नमावे, हा तो प्रश्न होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांचा परामर्श घेण्याचा येथे विचार आहे.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. १९६५ नंतर पुण्यामुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या घरांतून डॉक्टर, इंजिनिअर आणि संशोधक म्हणून जी मुले-मुली तिकडे गेली, ज्यांच्या वस्तीतून तेथील गावोगावची महाराष्ट्र मंडळे आणि १९८१ साली त्या सर्वांना एका सूत्रात आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, त्यांच्या मागे राहिलेल्या घरांत ‘मुलाने आम्हांला स्पॉन्सर केले आहे’, ‘भावाची फाइल पडून आहे’, ‘तारीख अजून करंट झाली नाही’ अशी वाक्ये सहज ऐकू येतात. तरीही या कायद्याविषयी दोन टोकांचे गैरसमज प्रचलित आहेत. एकदा नागरिकत्व मिळाले की साऱ्या गोतावळ्याला नेता येते, असे एक पक्ष मानतो. आता कोणालाच नेता येत नाही, असे दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत. या आढाव्यातून जे मत निष्पन्न होते ते आरंभीच सांगणे बरे: कायद्याने कोणते नाते मानावे आणि कोणते मानू नये याविषयी मतभेद संभवतात, परंतु एकदा मानलेल्या नात्याला मनुष्याच्या आयुष्याच्या मर्यादेत न्याय मिळाला पाहिजे, आणि आजच्या कायद्याचा मुख्य दोष या ठिकाणीच आहे.

प्रथम इतिहास पाहू. १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा टापू, हिंदुस्थानसह, प्रवेशाला बंद करण्यात आला. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही असा निवाडा दिला, आणि त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीही नागरिकत्वे काढून घेण्याची मोहीम सरकारने हाती घेतली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तो प्रसंग आला. १९२६ साली अपील न्यायालयात त्यांनी स्वतःचा दावा जिंकला, पण ती वाट सर्वांना मोकळी झाली नाही. त्या काळच्या कायद्याचे सर्वांत निष्ठुर कलम स्त्रियांविषयी होते. १९२२ च्या केबल कायद्यानुसार नागरिकत्वास अपात्र अशा परदेशीयाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावून बसे. हिंदी क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांना हा अनुभव घ्यावा लागला. हे कलम १९३१ साली रद्द झाले. आज नागरिकाने आपल्या जोडीदाराला स्वतःच्या पंक्तीत बसविण्यासाठी अर्ज करावा अशी योजना आहे. त्या काळी परदेशीय जोडीदारामुळे नागरिकच पंक्तीतून उठविला जाई. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांपैकी पुष्कळांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी संसार थाटले, त्यामागे प्रेमाइतकेच हेही कारण होते की मायदेशातून पत्नी आणण्याची इजाजत कायद्याने ठेवलीच नव्हती.

हे कवाड १९४६ साली किंचित उघडले. लूस-सेलर कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा अधिकार दिला आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा ठरविला. या कायद्यामुळेच दलिपसिंग सौंद १९४९ साली नागरिक होऊ शकले आणि १९५६ साली काँग्रेसवर निवडून गेले. १९५२ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा कायम ठेवला, तथापि नागरिकाचा पती आणि नागरिकाची पत्नी यांना समान लेखले. मोठे परिवर्तन मात्र ३ ऑक्टोबर १९६५ रोजी झाले. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी ज्या कायद्यावर सही केली, त्याने वंश आणि राष्ट्र यांवर आधारलेली कोटापद्धती मोडीत काढून तिच्या जागी आप्तसंबंध आणि कौशल्य हे निकष आणले. या परिवर्तनाचे श्रेय केवळ उदारमतवादाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. सरकारच्या मूळ मसुद्यात कौशल्याला अग्रक्रम होता. ओहायओचे काँग्रेस-सदस्य मायकेल फीगन यांनी तो बदलून आप्तसंबंधाला अग्रस्थान मिळवून दिले, आणि त्यांच्या बाजूच्या लोकांच्या मनात अशी अटकळ होती की देशातील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे असल्याने त्यांचेच आप्त येतील व लोकसंख्येची घडण आहे तशीच राहील. परंतु युरोप तोवर संपन्न झाला होता आणि तेथून येऊ इच्छिणारे थोडे उरले होते; उलट आशियातून शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्ताने आलेले लोक नागरिक झाले आणि त्यांनी त्याच कलमांच्या आधारे आपले आप्त बोलाविले. घडण जपण्यासाठी घातलेल्या तरतुदीनेच ती पालटून टाकली.

आज अमलात असलेली रचना मुख्यतः १९९० च्या कायद्याने निश्चित केली आहे, आणि ती समजून घेताना एक भेद पक्का ध्यानात ठेवावा लागतो. नागरिकाचा पती वा पत्नी, त्याची एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्ये आणि, तो स्वतः एकवीस वर्षांचा झाला असल्यास, त्याचे आईबाप ही ‘अत्यंत निकटची’ नाती मानलेली असून त्यांना वार्षिक संख्येचे बंधन नाही. अर्जाची छाननी होण्यास कालावधी लागतो, परंतु रांगेत नंबर लागण्याची वाट पाहावी लागत नाही. या वर्तुळाबाहेर नागरिकाच्या आप्तांचे तीन वर्ग आहेत: एकवीस वर्षांवरील अविवाहित अपत्ये, विवाहित अपत्ये, आणि भाऊ-बहिणी. पहिल्या वर्गाला वर्षाकाठी २३,४००, दुसऱ्याला २३,४०० आणि भावंडांना ६५,००० अशी मूळ संख्या नेमून दिलेली आहे. यांच्या जोडीला, नागरिक न झालेल्या कायम रहिवाशांच्या पत्नी-पती व अविवाहित अपत्यांसाठी १,१४,२०० इतकी वेगळी तरतूद आहे. या चारही वर्गांची बेरीज २,२६,००० भरते. शिवाय कोणत्याही एका देशाला, आप्तसंबंध आणि नोकरी या दोन्ही मार्गांनी मिळून, वर्षाच्या एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे लहानशा देशालाही तेवढीच मर्यादा आणि भारतालाही तेवढीच.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण त्याने अनेक घरांत दुःख निर्माण केले आहे. संख्येचे बंधन असलेल्या वर्गांत मुख्य अर्जदाराबरोबर त्याचा जोडीदार आणि एकवीस वर्षांखालील मुले यांनाही प्रवेश मिळतो. पण ज्यांना संख्येचे बंधन नाही अशा अत्यंत निकटच्या आप्तांना ही सवलत नाही. म्हणून नागरिक झालेल्या मोठ्या मुलाने आपल्या विधवा आईला स्पॉन्सर केले, तर आईला लवकर परवाना मिळेल, परंतु तिच्याजवळ वाढत असलेली सोळा वर्षांची धाकटी मुलगी त्या अर्जात येणार नाही. तिच्यासाठी भावाने भावंडांच्या वर्गात निराळा अर्ज करावयाचा आणि दीर्घकाळ थांबावयाचे, किंवा आईने आधी जाऊन, कायम रहिवासी होऊन, मग मुलीसाठी स्वतः अर्ज करावयाचा. लेकीला एकटी ठेवून मुलाकडे जावे की मुलाला सोडून लेकीजवळ राहावे, असा पेच ज्या कलमामुळे आईसमोर उभा राहतो, त्याचा कुटुंब एकत्र आणण्याच्या हेतूशी कसा मेळ बसतो हे समजणे कठीण आहे.

या कायद्याच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे काय, हेही यातून उमगते. आजी-आजोबा, नातवंडे, काका, मामा, आत्या, मावशी, सासू-सासरे यांपैकी कोणासाठीही नागरिकाला अर्ज करता येत नाही. ज्या समाजात वडिलांच्या पश्चात चुलत्याने पुतण्याला वाढविणे हे कर्तव्य समजले जाते, त्या समाजाला ही कल्पना संकुचित वाटणे स्वाभाविक आहे. आणि हा संकोच सबंध अमेरिकी न्यायविचाराचा नाही. १९७७ साली ईस्ट क्लीव्हलंड शहराविरुद्धच्या एका खटल्यात, नातवंडांना घरात ठेवून घेणाऱ्या आजीच्या बाजूने निर्णय देताना, तेथील सर्वोच्च न्यायालयाने विस्तृत कुटुंबाच्या परंपरेला संविधानाचे संरक्षण आहे असे मानले. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने फियालो खटल्यात मात्र, विवाहबाह्य अपत्य आणि त्याचा पिता यांचे नाते न मानणारे परदेशीय-प्रवेशाचे कलम वैध ठरविले, कारण प्रवेशाच्या बाबतीत काँग्रेसचा अधिकार जवळजवळ निरंकुश आहे. पुढे १९८६ साली काँग्रेसने स्वतःच ते कलम सुधारले. वेशीच्या आत कुटुंबाला जो मान आहे तो वेशीवर नाही, हे या दोन निवाड्यांवरून स्पष्ट होते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. नागरिक प्रथम नात्याचा पुरावा जोडून अर्ज दाखल करतो. ज्या दिवशी अर्ज कचेरीत रुजू होतो ती तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, त्या आप्ताचे रांगेतील स्थान ठरविते. अर्ज मंजूर झाला आणि नंबर लागला की कागदपत्रे गोळा होतात, वैद्यकीय तपासणी होते आणि शेवटी वकिलातीत मुलाखत. भारतातील अर्जदारांच्या बाबतीत या मुलाखतींचे मोठे केंद्र मुंबई हे आहे.

या टप्प्यावर मराठी घरांपुढे जी अडचण उभी राहते ती कायद्यापेक्षा आपल्या दफ्तरांतून उद्भवते. जन्म-मृत्यू नोंदणीचा सर्व देशाला लागू होणारा अधिनियम १९६९ सालचा आहे. त्याआधी खेड्यात जन्मलेल्या मनुष्याच्या जन्माची नोंद असेलच असे नाही. मग नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे यांवर भिस्त ठेवावी लागते. आणि शाळेच्या दाखल्यावर तर गुरुजींनी सोयीने लावलेली एक जूनची तारीख असण्याचा संभव फार. दुसरी अडचण नावांची. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव आणि मधले नाव बदलतेच. पुष्कळ घरांत लग्नात तिचे स्वतःचे नावही बदलले जाई. जन्मनोंदीत एक, शाळेत दुसरे आणि पासपोर्टावर तिसरे नाव असलेली माता ही एकच व्यक्ती आहे, हे सिद्ध करण्यासाठी राजपत्रातील जाहीर प्रकटनापासून विवाहाच्या दाखल्यापर्यंत सारी साखळी जुळवावी लागते, आणि जुन्या विवाहांची नोंदणीच झालेली नसते. ज्या घरात कोणी परदेशी स्थायिक झाले आहे, त्या घराने हे दाखले गरज पडण्यापूर्वीच, जाणती माणसे हयात आहेत तोवर, दुरुस्त करून ठेवावेत. या सल्ल्याने पुष्कळांचे पुढील कष्ट वाचतील.

वैवाहिक नात्याविषयी कायद्याची दृष्टी एकाच वेळी सर्वांत उदार आणि सर्वांत साशंक आहे. केवळ प्रवेशासाठी केलेल्या दिखाऊ विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ साली असा नियम करण्यात आला की प्रवेशसमयी विवाहाला दोन वर्षे झाली नसल्यास मिळणारा रहिवास सशर्त असेल, आणि दोन वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करून ती अट काढून घ्यावी. हेतू समजण्यासारखा असला तरी या नियमाने नवागत पत्नीचे भवितव्य पतीच्या सहीवर टांगले गेले, आणि परक्या देशात, भाषा व माणसे अनोळखी असता, ज्या स्त्रीचा छळ होतो तिला तो मुकाट सोसावा लागू लागला. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक कायद्याने अशा पीडित जोडीदाराला स्वतःच्या नावाने अर्ज करण्याचा हक्क दिला, आणि २००५ साली, नागरिक अपत्यांकडून छळ होणाऱ्या आईबापांनाही तो मिळाला. वृद्ध पालकांसाठी अशी तरतूद करावी लागली, यातच वस्तुस्थितीची कबुली आहे. २०१३ साली विंडसर खटल्याच्या निर्णयानंतर समलिंगी जोडीदारांनाही नागरिकाच्या पती-पत्नीचे स्थान मिळाले. उलटपक्षी २०२४ च्या जूनमध्ये, सँड्रा मुन्योस या नागरिक स्त्रीच्या खटल्यात, तिच्या एल साल्वाडोरच्या पतीला नाकारलेल्या व्हिसाविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की परदेशीय जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नागरिकाला संविधानाने दिलेला नाही. म्हणजे आजही पत्नीला आणणे हा नागरिकाचा हक्क आहे, पण तो काँग्रेसने दिलेला आहे, आणि जे काँग्रेस देते ते काढूनही घेऊ शकते.

हक्काच्या जोडीला जबाबदारी येते. १९९६ च्या कायद्यापासून स्पॉन्सर करणाऱ्याला उदरनिर्वाहाची हमी लिहून द्यावी लागते, आणि ही हमी न्यायालयात अंमलबजावणी करता येईल अशी बंधनकारक असते. त्याचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या निदान १२५ टक्के असले पाहिजे; २०२४ साली चार माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला ३९,००० डॉलर होती. उत्पन्न अपुरे पडल्यास दुसरा जामीन उभा करता येतो. आणलेला आप्त नागरिक झाला, त्याच्या नावे कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या, तो देश कायमचा सोडून गेला किंवा मरण पावला, तर ही हमी संपते. घटस्फोटाने ती संपत नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. या तरतुदीला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण दिसत नाही. जो आपले माणूस आणतो त्याने त्याचा भार उचलावा, ही अपेक्षा रास्त आहे, आणि ती ज्या प्रमाणात पाळली जाते त्या प्रमाणात राज्याचा भार हलका होतो.

परंतु या विषयाचे मर्म प्रतीक्षेत आहे. सरकार दर महिन्याला एक व्हिसा-पत्रक प्रसिद्ध करते आणि त्यात प्रत्येक वर्गात कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांचा नंबर लागला ते कळविते. २०२४ च्या उत्तरार्धातील पत्रकांत भारतीय भावंडांची तारीख २००६ सालात होती. अर्थात अठरा वर्षे. मेक्सिकोच्या बाबतीत ती याहून मागे होती. २०२० मध्ये आप्तवर्गांच्या या रांगेत पस्तीस लाखांहून अधिक माणसे होती, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक भावंडांच्या वर्गात. शिवाय ६५,००० ही संख्या भावंडांची नसून डोक्यांची आहे: भाऊ, भावजय आणि दोन मुले असे चौघांचे कुटुंब आले की चार आकडे खर्ची पडतात, त्यामुळे प्रत्यक्षात वर्षाला जितकी भावंडे पुढे सरकतात ती त्या आकड्याचा लहानसा अंशच असतात. चाळिशीतील भावासाठी आज अर्ज केला, तर नंबर लागेपर्यंत तो साठीच्या पलीकडे गेलेला असेल. ज्या वयात नवी नोकरी, नवी भाषा आणि नवे हवामान अंगवळणी पाडता येते ते वय त्याने वाट पाहण्यात घालविलेले असेल.

या काळात मुले मोठी होतात, आणि एकवीस वर्षे पूर्ण झाली की बापाच्या अर्जातून गळतात. २००२ सालच्या बालक-संरक्षण कायद्याने काही दिलासा दिला: नागरिकाच्या स्वतःच्या अपत्याचे वय अर्जाच्या दिवशीचे धरले जाते, आणि इतर वर्गांत अर्ज कचेरीत प्रलंबित राहिल्याचा काळ वयातून वजा होतो. पण रांगेत उभे राहण्याचा काळ वजा होत नाही, आणि खरा दीर्घ काळ तोच असतो. २०१४ साली क्वेयार दे ओसोरिओ खटल्यात, भावंडांच्या किंवा विवाहित अपत्यांच्या अर्जातून वयामुळे गळलेल्या मुलांना आपल्या जुन्या तारखेचा फायदा मिळत नाही, असा निर्णय झाला. विवाहाचाही असाच परिणाम. नागरिकाच्या मोठ्या अविवाहित अपत्याने लग्न केले तर ते अधिक लांब रांगेत ढकलले जाते. कायम रहिवाशाच्या अपत्याने लग्न केले तर त्याचा अर्जच निकालात निघतो, कारण त्या नात्यासाठी वर्ग ठेवलेला नाही. तरुण मुलीने आपले लग्न केवळ एका पत्रकातील तारखेसाठी वर्षानुवर्षे लांबणीवर टाकावे, ही सक्ती कायदा उघडपणे करीत नाही; पण त्याच्या रचनेतून ती आपोआप घडते. अर्ज करणारा मृत्यू पावल्यास पूर्वी साऱ्या फाइलीचाच शेवट होई. २००९ च्या दुरुस्तीने, मागे राहिलेला आप्त अमेरिकेतच राहत असल्यास, त्यात बराच फरक पडला. भारतात राहून वाट पाहणाऱ्याला मात्र ती वाट बहुधा मोकळी नसते.

आईबापांच्या प्रश्नात रांग नाही, पण निराळी कोंडी आहे. ग्रीन कार्ड म्हणजे कायमचा रहिवास. जो वर्षाहून अधिक काळ पुनःप्रवेशाच्या परवान्याविना बाहेर राहतो त्याने रहिवास सोडला असे गृहीत धरले जाते, आणि ज्यांचे घर, देव, शेजार आणि वैद्य पुण्यात आहेत अशा सत्तरीतील दांपत्याला वर्षाचा मोठा भाग न्यू जर्सीत काढणे जड जाते. पासष्टीवरील नवागताला मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेत पैसे भरून सामील होण्यासाठी साधारणतः पाच वर्षे सलग वास्तव्य व्हावे लागते. तोवर खाजगी विम्याचा भार मुलांवर पडतो. वास्तविक अशा पालकांची गरज कायम स्थलांतराची नसते. नातवंडाच्या जन्माला, सुनेच्या आजारपणाला, मुलाच्या अडचणीला विनासायास जाता यावे आणि परत आपल्या घरी यावे, एवढीच त्यांची इच्छा असते. आणि पर्यटक म्हणून परवानगी मिळेल की नाही या धास्तीने अनेकजण नको असलेले ग्रीन कार्ड घेतात.

इतर देशांनी याच गाठी निराळ्या रीतीने सोडविल्या आहेत. कॅनडाने आजी-आजोबांनाही कक्षेत घेतले; पण संख्या मर्यादित ठेवली, वीस वर्षांची हमी मागितली, आणि २०२० साली नोंदविलेल्या इच्छुकांमधूनच पुढील वर्षांतही निवड चालविली. त्याचबरोबर २०११ पासून ‘सुपर व्हिसा’ देऊन पालकांना दीर्घ मुक्कामाची सोय केली, आणि २०२२ पासून एका प्रवेशात पाच वर्षे राहता येते. ही सोय अनुकरणीय आहे. ब्रिटनने २०१२ साली जोडीदार आणण्यासाठी १८,६०० पौंडांची उत्पन्नमर्यादा घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पर्यंत नेली, म्हणजे वैवाहिक सहवासाला वेतनाची अट लावली. वृद्ध आईबापांसाठी तर, त्यांना लागणारी शुश्रूषा मायदेशात पैसे खर्चूनही मिळू शकत नाही असे सिद्ध करावे लागते, आणि ते क्वचितच सिद्ध होते. ऑस्ट्रेलियात निदान निम्मी अपत्ये तेथे असावीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तेथे अधिक असावीत, अशी कसोटी आहे; तीत उतरलेल्या वृद्ध पालकांची साधी रांग तीस वर्षांहून लांब असल्याचे सरकारच सांगते, आणि मोठी रक्कम भरणाऱ्यांसाठी वेगळी, अधिक जलद वाट आहे. सत्तरीच्या मनुष्याला तीस वर्षांची रांग दाखविणे आणि त्याला नकार देणे यांत फरक एवढाच की पहिल्यात फी घेतली जाते.

अमेरिकेत या व्यवस्थेवर मुख्य आक्षेप असा घेतला जातो की एक मनुष्य आला म्हणजे त्याच्यामागून आप्तांची न संपणारी साखळी येते, आणि देशाला लागणारे कौशल्य मागे राहते. १९९५ साली बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने प्रौढ अपत्ये व भावंडे यांचे वर्ग बंद करून पती-पत्नी व लहान मुले यांना प्राधान्य द्यावे अशी शिफारस केली. २०१३ साली सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकातही भावंडांचा वर्ग रद्द होता, पण प्रतिनिधिगृहाने ते विचारात घेतले नाही. २०१७ च्या एका विधेयकात तर पालकांनाही केवळ तात्पुरता परवाना देण्याची तजवीज होती. साखळीचा आक्षेप तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. नोकरीवर येऊन कायम रहिवास मिळण्यास लागणारी वर्षे, त्यानंतर नागरिकत्वापूर्वीची साधारण पाच वर्षे आणि मग भावंडासाठीची अठरा वर्षे यांची बेरीज केली, तर साखळीच्या एका कडीलाच पाव शतकाहून अधिक काळ लागतो. कौशल्याचा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. पण जो शल्यविशारद किंवा जो संशोधक आपल्या आईबापांना कधीही जवळ करता येणार नाही हे जाणून येईल, तो तेथे मन रमवून राहील काय, याचाही हिशेब त्यात धरला पाहिजे. कुटुंब ही नवागताला उभे करणारी, त्याची मुले सांभाळणारी आणि त्याच्या धंद्याला भांडवल पुरविणारी पहिली संस्था असते, हे अमेरिकेतील कोणत्याही स्थलांतरित समाजाकडे पाहिल्यास दिसून येईल.

तथापि भावंडांचा वर्ग चिरकाल राहिलाच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. एखाद्या राष्ट्राने आपल्या सोयीनुसार नात्याचे वर्तुळ लहान करावे हे त्याच्या अधिकारात आहे, आणि स्पष्ट नकार ऐकून मनुष्य आपले आयुष्य दुसरीकडे मांडू शकतो. आमचा आक्षेप तिसऱ्या मार्गाला आहे: नाते मानावयाचे, अर्ज घ्यावयाचा, फी घ्यावयाची, मंजुरीचे पत्र पाठवावयाचे आणि मग आयुष्याचा उत्तरार्ध संपेपर्यंत बोलवावयाचे नाही. अशी मंजुरी मनुष्याला धड इथे रुजू देत नाही, धड तिथे. तिच्या भरवशावर घर विकले जात नाही आणि घेतलेही जात नाही, मुलांचे शिक्षण कोणत्या देशाला धरून करावे हे ठरत नाही, लग्ने अडतात.

यावर उपायही असाध्य नाहीत. आप्ताच्या जोडीदाराला व मुलांना वेगळ्या आकड्यांत न मोजता एका कुटुंबास एक आकडा धरणे, मागील वर्षांत न वापरलेले आकडे पुन्हा वापरात आणणे, रांगेतील काळही मुलाच्या वयातून वजा करणे आणि अत्यंत निकटच्या आप्तालाही त्याचे अज्ञान मूल बरोबर नेऊ देणे, या चार दुरुस्त्यांनी पुष्कळ अन्याय दूर होईल. २००० सालच्या एका कायद्याने कायम रहिवाशांच्या जोडीदारांना व मुलांना, ज्यांचे अर्ज तीन वर्षांहून अधिक काळ रखडले होते त्यांना, नंबर लागेपर्यंत देशात येऊन राहण्याचा तात्पुरता परवाना दिला होता. तोच दाखला पुढे ठेवून अधिक वर्गांना तशी मुभा देता येईल. पालकांसाठी कॅनडासारखा दीर्घ मुक्कामाचा परवाना असेल, तर अनेकांना कायम रहिवासाचा अर्जच करावा लागणार नाही. आणि या सर्वांवर एक मर्यादा असावी: मंजूर झालेला अर्ज दहा वर्षांत पुरा करणे शक्य नसेल, तर सरकारने तो वर्ग नव्या अर्जांना बंद करावा आणि आधी दिलेल्या शब्दांची फेड करावी. ज्या रकमेची फेड होणार नाही ती उसनी घेऊ नये, हा नियम घरांना लागू आहे तसा राज्यांनाही लागू असावा.

जोवर तसे होत नाही, तोवर येथील घरांनी या कायद्याकडे डोळसपणे पाहावे. पती, पत्नी, लहान मुले आणि आईबाप यांच्या बाबतीत त्याचा आधार खरा आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा, पण कागद आणि हमी यांची जबाबदारी पूर्ण ओळखून. प्रौढ अपत्ये आणि भावंडे यांच्या बाबतीत अर्ज अवश्य करावा, कारण तारीख जितकी आधीची तितकी हितकारक. मात्र कोणाचे शिक्षण, कोणाचा विवाह, कोणाचा व्यवसाय त्या अर्जाच्या भरवशावर तहकूब करू नये. आणि अमेरिकेत नागरिक झालेल्या आपल्या मुलामुलींनी, ज्यांना मतदानाचा अधिकार आहे, या प्रश्नावर आपल्या प्रतिनिधींना जाब विचारावा. १९२३ साली ज्यांचे नागरिकत्वच नाकारले गेले होते त्यांच्या वारसांना आज कायदा बदलण्याचे साधन मिळाले आहे. आपल्या आप्तांसाठी ते वापरणे हे त्यांचे कर्तव्य आहे.